रणगाड्याच्या डोक्यावरचा चिंचोका

ज्या वर्षी रूपश्रीला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी जे. पी. नगरच्या तिच्या माहेरी मी खोक्यातून आलो. मी एक छोटा रणगाडा आहे. प्लास्टिकचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा, तोफेसकट वीतभर. मित्रांनो, मुली नऊ महिन्यांत जन्मल्या. मला दीड वर्ष लागले.

मला आणले रूपश्रीच्या वडिलांनी, श्रीधररावांनी. कापडाचे दुकान बंद केल्यापासून त्यांच्या हातांना काम नव्हते. मला बनवायचे होते ते मात्र तुंगाबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, थोरल्या भावासाठी. शिवाप्पा त्यांचे नाव, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. तरुणपणी ते सैन्यात रणगाडा चालवत. आता देवनहळ्ळीला मुलाकडे राहत आणि काचबिंदूने त्यांची नजर पुरती गेली होती. एकदा जेवताना ते म्हणाले होते, "माझी गाडी एकदा हाताला लागली असती तर बरं झालं असतं." श्रीधररावांनी ते ऐकले आणि कुणाला न सांगता मला विकत आणले.

आता अडचण ऐका. खोक्यावर मी टी-५५ होतो. माझा थोरला भाऊ टी-५४. आम्ही दोघे जुळ्यांसारखेच दिसतो. रूपश्रीच्या एका मुलीच्या कानामागे तीळ आहे, तुंगाबाई कान उलटून बघतात आणि मगच नाव घेतात. तसाच एक तीळ आमच्यात आहे. थोरल्याच्या डोक्यावर, उजव्या बाजूला, हवा खेळण्यासाठी एक लहान घुमट असतो. माझ्या डोक्यावर तो नाही. शिवाप्पांची गाडी आमच्यातली कोणती, हे श्रीधररावांना ठाऊक नव्हते.

शिवाप्पांच्या गाडीचा घरात एकच फोटो होता. काळापांढरा, आणि नेमका आयुधपूजेच्या दिवशी काढलेला. तोफेला केळीचे खुंट बांधलेले, चाकांवर आंब्याची पाने, वर झेंडूच्या माळाच माळा. श्रीधरराव भिंग घेऊन त्या फुलांत शिरले ते बाहेरच येईनात. शेवटी डोक्याच्या उजव्या बाजूला, माळांतून वर आलेला एक अर्धा गोल त्यांना सापडला. घुमट! म्हणजे अण्णांची गाडी टी-५४!

त्यांनी तो फोटो संगणकावरून जगभरच्या जाणकारांना पाठवला. पोलंडच्या एका गृहस्थांनी घुमट आहे म्हणून सांगितले. ब्राझीलच्या एकाने घुमट इतका पुढे नसतो म्हणून कळवले. दोघांचे असे वाजले की एकमेकांची खुशालीही विचारीनासे झाले. मी तोवर स्वयंपाकघराच्या खिडकीत, सांडग्यांच्या ताटाशेजारी, बिनडोक्याचा वाळत होतो.

या काळात दसरा आला. श्रीधररावांनी आपल्या स्कूटरला हार घातला, लिंबे ठेवली, दारात कोहळा फोडला, हात धुतले आणि आत येऊन पुन्हा फोटो पाहत बसले.

त्या थंडीत शिवाप्पा छातीच्या दुखण्याने दोनदा दवाखान्यात जाऊन आले. दुसऱ्यांदा तुंगाबाई त्यांना भेटून आल्या आणि चप्पल न काढताच माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"अहो, अण्णालाच विचारा की."

"मग गंमत काय राहिली? स्वल्प थांब. पक्कं होऊ दे."

"तुमचं पक्कं होईपर्यंत अण्णा राहायला पायजे."

श्रीधरराव उठले. त्यांनी बरणीतला एक चिंचोका घेतला, मधोमध फोडला, अर्धा घासून गोल केला आणि माझ्या डोक्यावर चिकटवला. वरून हिरवा रंग दिला. मी टी-५४ झालो. पोलंड जिंकले.

रविवारी आम्ही टॅक्सीने निघालो. मी श्रीधररावांच्या मांडीवर होतो. चालक आरशातून माझ्याकडे बघत होता. विमानतळाच्या रस्त्यावर एका खड्ड्यात माझी तोफ गळून पडली. तुंगाबाईंनी ती कपाळाच्या टिकलीने चिकटवली आणि "सरी, ठीक झालं, आता हलू नको" असे मला बजावले.

शिवाप्पा खाटेवर बसले होते. मला त्यांच्या हातात दिले. बोटे मागून पुढे आली. पिंपे, पट्टे, चाके. पुढे डाव्या अंगाला अंगठा थांबला.

"इथं मी बसायचो," ते म्हणाले.

मग बोटे वर चढली आणि चिंचोक्यावर अडली.

"दाजी, हे काय?"

श्रीधररावांनी घुमट सांगितला, टी-५४ सांगितला, फोटो सांगितला, पोलंडही सांगितले.

शिवाप्पांनी चिंचोका पुन्हा एकदा चाचपला. मग त्यांचे पोट हलू लागले.

"दाजी, तो कोहळा हो. आमच्यात इकडची, दक्षिणेतली पोरं होती. कोहळ्याशिवाय पूजा होत नाही म्हणाली. फोटो काढला आणि मीच फोडला की."

ते इतके हसले की खोकला लागला. सून पाणी घेऊन धावत आली. श्रीधररावांचा चेहरा माझ्या रंगासारखा झाला. त्यांनी खिशातून पाते काढले आणि चिंचोका उडवायला वाकले. शिवाप्पांनी माझ्यावर तळहात झाकला.

"राहू द्या. गाड्या शंभर असतील. कोहळा माझ्या गाडीवर होता."

तेव्हा तुंगाबाईंनी पर्समधून करंडा काढला आणि त्या चिंचोक्यावर कुंकवाचे बोट टेकवले.

मित्रांनो, मी अजून देवनहळ्ळीला, शिवाप्पांच्या खाटेजवळच्या खिडकीत आहे. विमान गेले की काच थरथरते आणि टिकलीवरची तोफ थोडी लवते. धूळही खूप बसते. ती झाडायची असेल तर मऊ कुंचल्याने झाडा, आणि कुंकू राहू द्या. तुमच्या घरी जुना फोटो असेल तर भिंग नंतर घ्या. आधी फोटोतल्या माणसाकडे जाऊन बसा. श्रीधरराव त्या रविवारनंतर दर रविवारी येऊन बसत, आणि दोघे मला मध्ये ठेवून बोलत.

शिवाप्पा गेल्या माघात, रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारले.