मी अडतो ती ओळ

“मेला हा पार्सर! पुन्हा अडला,” धाकटी माझ्या तोंडावरच पुटपुटली.

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना पार्सर आहे. प्रोग्रामर जे लिहितात ते यंत्राकडे जाण्याआधी मी वाचतो. उघडलेला कंस मिटला का, ओळीच्या शेवटी अर्धविराम आहे का, एवढंच बघतो. खटकलं की ओळीचा आकडा सांगून थांबतो. त्यापलीकडे मला वाचा नाही.

मला घडवलं कुणा अनोळखी माणसांनी, फावल्या वेळात. या खोलीत आणलं ते काकांनी. काका इथले सर्वांत जुने प्रोग्रामर. इस्पितळात लहान मुलांचं औषध मापून देणारं एक यंत्र आहे, त्याचा प्रोग्राम त्यांचा. पहिल्याच दिवशी मी त्यांची चूक पकडली, तेव्हा ते हसून म्हणाले होते, “शाबास रे गड्या! आता मला शांत झोप लागेल.” धाकटी ही इथली सर्वांत नवी प्रोग्रामर; तिलाही त्यांनीच शिकवलं. पुढे कित्येक वर्षं त्यांच्या लिखाणात मला बोट ठेवायला जागा सापडली नाही.

गेल्या वर्षापासून सापडू लागली. अर्धविरामाच्या जागी दोन ठिपके. महिरपी कंस उघडून गोल कंसाने मिटवलेला. दिसायला सारखी असणारी चिन्हंच नेमकी बदललेली. मी आपला ओळीचा आकडा सांगत राहिलो. धाकटी काकांच्या आधी येऊन सगळं गुपचूप दुरुस्त करायची आणि ते आले की मोठ्याने माझा उद्धार करायची. “तुमचं बरोबरच होतं हो काका. ह्याचंच वय झालंय!” आमच्या खोलीचे साहेबही मान डोलवायचे. मी ऐकून घ्यायचो. माझ्यावर खापर फोडून कुणाची लाज राहत असेल, तर फोडा बापडे.

पण एक चूक मला पकडता येत नाही. औषधाचं माप होतं २.५. काकांकडून त्यातला ठिपका निसटला आणि उरले पंचवीस. पंचवीस हा माझ्या नियमात चोख बसणारा आकडा. मी तो पुढे जाऊ दिला. धाकटीने आधी पाण्यावर चाचणी घेतली म्हणून निभावलं. पेला भरून पाणी टेबलावर वाहू लागलं. ती फडक्याने पुसत राहिली.

“काय सांडलं गं?” काकांनी विचारलं.

“पाणी, काका. माझाच धक्का लागला.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवा पार्सर आणवला. “हे जुनं खोड काढूनच टाकू,” म्हणाले. काकांची ताजी फाईल, कुणी हात न लावलेली, त्याला दिली. नवा चपळ, रंगीत अक्षरांत बोलणारा. तोही अडला. मी अडलो होतो, ओळ तीच. पुढची अडलेली ओळही तीच.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी पुस्तक हातभर लांब धरून वाचत असेल. दिव्याच्या नावाने बोटं मोडू नका. जवळ बसा, विचारा. मला विचारता येत नाही हो. मी फक्त आकडा सांगू शकतो.

साहेब घसा खाकरून म्हणाले, “हासुद्धा बिघडलेलाच दिसतोय.”

धाकटी खाली बघत म्हणाली, “हो... दुसरा आणून बघू या.”

काकांनी पडद्याला टेकलेलं नाक मागे घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“किती पार्सर बदलशील, पोरी? मला दिसत नाही.”