कुलपाची पोरगी

उजवा हात थरथरत खिशाकडे गेला, खिसा चुकवून कमरेवरून घसरला, आणि सगळं थिएटर खदखदून हसलं. नटाने हसू ओसरायची वाट पाहिली आणि पुढचं वाक्य अडखळत टाकलं. पुन्हा हशा. इतकी वर्षं हवालदार, पोस्टमन आणि नायकाचा मित्र करून झिजल्यावर त्याला ही भूमिका मिळाली होती: शब्द विसरणारा सासरा. आता रस्त्यात लोक थांबवून हात मिळवत. एकूण दिवस बरे आले होते.

मध्यंतरात मेकअपवाल्याने त्याच्या कपाळावरचा घाम टिपता टिपता सांगितलं, की तुमचे सर आलेत, काकूंबरोबर, पहिल्या रांगेत अगदी कडेला. दिग्दर्शकानेच मोठ्या हौसेने पास धाडले होते, शिष्याला चकित करायचं म्हणून. नट खुर्चीतून ताडकन उठला.

कारण हा सासरा म्हणजे सरांचीच नक्कल होती. स्टेजवर उभं कसं राहायचं इथपासून ते गप्प कसं बसायचं इथपर्यंत त्याला सगळं शिकवलं ते सरांनी, आणि काम नव्हतं त्या काळात घरच्यासारखं सांभाळलं ते काकूंनी. सरांना झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं, तेव्हापासून तो दर रविवारी त्यांच्याकडे जायचा. प्रेमानेच जायचा, त्यात खोट नव्हती. पण माणूस दिसला की टिपून ठेवायचा ही सवय सरांनीच लावलेली, आणि डोळ्यांना काही रविवारची सुट्टी नसते. एकदा सर कपाटाची किल्ली मागत होते. शब्द काही केल्या येईना. शेवटी म्हणाले, “कुलपाची पोरगी.” तिघंही पोट धरून हसले, सर सगळ्यांत जास्त. दुसऱ्या दिवशी त्याने तालमीत हे करून दाखवलं, कुणाचं ते न सांगता. दिग्दर्शकाने तिथल्या तिथे नाटकात घालून टाकलं. गुरूची विद्या गुरूलाच फळली म्हणतात, ती अशी.

किल्लीचा प्रसंग दुसऱ्या अंकात होता. सरळ ‘किल्ली’ म्हणून मोकळं व्हायचं, असं त्याने विंगेत ठरवलं. सुनेचं काम करणारी थोडी गडबडेल, पण सांभाळून घेईल. ठरवलं खरं, पण तो जागेवर येऊन उभा राहिला तेव्हा थिएटर आधीच हसायच्या तयारीत होतं, आणि टाळीची चटक वाईट. तो थांबला. लोकांकडे पाहून डोळे गरागरा फिरवले, जीभ दोनदा ओठांवरून फिरवली आणि म्हणाला, “कुलपाची पोरगी.” छप्पर उडालं. रोजच्यापेक्षा त्याने ते जरा जास्तच ताणलं होतं. पहिल्या रांगेच्या कडेला बघायची त्याची छाती झाली नाही.

प्रयोग संपल्यावर तो मेकअप उतरवत बसून राहिला. उतरवण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी कापूस फिरवत होता. एवढ्या वेळात ते निघून जातील, अशी त्याला आशा होती. गेले नाहीत. काठीचा आवाज आला, मग काकूंनी सरांना दारातून हळूच आत घेतलं आणि खुर्चीत बसवलं. त्या स्वतः उभ्याच राहिल्या. तो पाया पडायला वाकला, तशा त्या मागे सरकल्या.

“रविवारी यायचास,” काकू म्हणाल्या, “तेव्हा मी ह्यांना म्हणायचे, पोरगा जीव लावतो.”

एवढंच बोलून त्या भिंतीकडे बघू लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. तो काहीतरी बोलायला गेला, पण सरांनी डावा हात वर केला. हा हात त्याच्या ओळखीचा होता. तालमीत सर असाच हात वर करायचे आणि मग चुका सांगायचे.

“हात,” सर म्हणाले. “थरथरत नाही. पडून... पडून असतो.”

त्याने मान हलवली.

“दुसरं. शब्द...” सर थांबले. “शब्द विसरत नाही मी. दिसतो. समोर दिसतो. येत नाही.”

“सर, मी उद्यापासून तो प्रसंगच काढून टाकतो,” तो म्हणाला. “माझं चुकलं.”

सरांनी ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. त्यांचा चेहरा तालमीतल्यासारखा तापला होता. काहीतरी राहून जातंय आणि ते सांगितल्याशिवाय ते उठणार नाहीत, हे दिसत होतं.

“तू थांबतोस. तेव्हा लोकांकडे बघतोस. म्हणून... हसतात.” त्यांनी श्वास घेतला. “मी लोकांकडे नाही बघत. मी हिच्याकडे बघतो. ही थांबेल ना. का कंटाळेल. रोज वाटतं.”

काकूंनी भिंतीवरची नजर काढली आणि नवऱ्याकडे पाहिलं. हे त्यांना नवीन होतं.

“कर,” सर म्हणाले.

“आत्ता? सर, नको.”

“कर.”

नट उभा राहिला. ज्या माणसाची नक्कल करायची तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता, आणि त्याच्यासमोर उभं राहताना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटत होतं. त्याने उजवा हात सोडून दिला. तो पडून राहिला. मग शब्द शोधायला सुरुवात केली, आणि सरांनी सांगितलं होतं म्हणून, नाहीतर त्याची हिंमत नव्हती, त्याने काकूंकडे पाहिलं. त्या कंटाळतील का, दार लावून घेतील का, पुढच्या रविवारी काय, हे सगळं त्याला खरंच कळत नव्हतं. तोंड उघडलं. आवाज फुटेना.

“किल्ली,” काकू हलकेच म्हणाल्या. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

सरांनी काठी शोधली. काकूंनी ती त्यांच्या डाव्या हातात दिली, खांद्याखाली हात घालून त्यांना उठवलं. नट मदतीला पुढे झाला नाही, मान खाली घालून उभा राहिला.

“उद्या असंच कर,” सर दारातून म्हणाले. “हसले... तर पुन्हा ये. शिकवतो.”