चौसष्ट की सोळा

शेवटची फेरी मारून ड्रोन तलावाच्या पाळीवर उतरला आणि ज्योत्सनानं रिमोटच्या पडद्यावरचा आकडा पाहिला. दोन हजार चारशे अकरा फोटो. करडीच्या तलावाचा वीतभर कोपराही सुटला नव्हता.

"झालं का वो माय?" सखाबाईनं विचारलं. सखाबाई गावच्या मच्छीमार संस्थेची अध्यक्ष. सकाळपासून डोक्यावर पदर ओढून ती उन्हात उभी होती.

"फोटो झाले, काकी. आता त्याचा नकाशा बनवाचा हाय."

"कवा बनते?"

ज्योत्सनानं संघपालकडे पाहिलं. संघपाल मान खाली घालून ड्रोनची पाती पुसू लागला.

ज्योत्सना याच गावची. तिचा बाप इतवारी याच तलावात डोंगा हाकत म्हातारा झालेला. नकाशे करायचं शिक्षण घ्यायला ती नागपूरला गेली तेव्हा तिला पवनीकडच्या आसगावचा संघपाल भेटला. दोन वर्षांपासून दोघं मिळून मोजणीची कामं घेत होते. कोणाचं शेत, कुठला रस्ता, एकदा तर चिखल्याला खाणीतून काढलेल्या मालाचे ढीग. पण आपल्या गावाचं काम हे पहिलंच.

आणि ते घाईचं होतं. मे महिन्यात तलावातला गाळ काढायला मशीन येणार होतं. गाळ निघावा असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण तलावात पाच डोह होते, आणि उन्हाळ्यात बाकी सगळं आटलं की मोठे मासे तिथंच तग धरत. मशीननं सरसकट तळ सपाट केला तर पुढच्या उन्हाळ्यात तलावात माशांचं बी उरणार नव्हतं. गाळ काढायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या साहेबांना हे पटलं होतं. "पण डोह कुठं आहेत ते नकाशावर दाखवा," ते म्हणाले होते, "तोंडी सांगितलेलं मशीनवाल्याच्या लक्षात राहत नाही." ठराव एक मेच्या ग्रामसभेत व्हायचा होता. इतवारीनं चार दिवस डोंग्यातून खुणांचा बांबू बुडवून पाचही डोहांची खोली मोजून दिली होती. आज रविवार. ग्रामसभा शुक्रवारी.

घरी येऊन ज्योत्सनानं सगळे फोटो लॅपटॉपला खाऊ घातले. लॅपटॉपनं बराच विचार करून एकसष्ट तास लागतील असं सांगितलं, आणि तासाभरानं काहीच न सांगता बंद पडला.

"नवीन मशीन घ्याच लागते," संघपाल म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख अजिबात नव्हतं. सहा महिन्यांपासून तो याच दिवसाची वाट पाहत होता. "उद्याच नागपूर. टिकारामभाऊच्या दुकानात एक जिन्नस आला हाय. तू पाहजो फक्त."

टिकाराम मूळचा साकोलीकडचा. नागपूरच्या कॉम्प्युटर बाजारात त्याचं दुकान होतं, पुढं नवा माल आणि मागच्या खोलीत जुना. सोमवारी सकाळी दोघं पोचले तेव्हा त्यानं चहाही न विचारता त्यांना थेट मागच्या खोलीत नेलं. टेबलावर एक उघडं मशीन होतं. मधोमध प्रोसेसर बसवलेला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मेमरीच्या पट्ट्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

"एका कंपनीनं आपले सर्व्हर बदलले, त्यातला हा," टिकाराम म्हणाला. "चौसष्ट कोअर, म्हनजे एकाच वेळी चौसष्ट हात चालतात. नवा घ्याले गेलास तर स्वप्नातही येत नाही. पन जुना हाय, म्हनून तुमच्या आवाक्यात."

त्यानं बटण दाबलं. पंखे असे सुटले की संघपाल दोन पावलं मागं सरला आणि मग मोठ्यानं हसला.

"अन् तेवढ्याच किमतीत नवं काय भेटते?" ज्योत्सनानं ओरडूनच विचारलं.

टिकारामनं पुढच्या दालनातल्या काळ्या डब्याकडे बोट केलं. "तो डेस्कटॉप. सोळा कोअरचा. लोक घरी घेतात, गेम खेळतात. चांगला हाय, पन हा हाय तो ट्रक हाय बापा!"

"चौसष्ट अन् सोळा," संघपाल म्हणाला. "यात विचार कायचा करून राहिली?"

ज्योत्सनानं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. त्यात तलावाचे तीनशे फोटो होते. "भाऊ, दोन्हीवर लावून पाहू देता का?"

टिकारामला मजा वाटली. त्यानं दोन्ही मशीनं शेजारी शेजारी मांडली, दोन्हीला एकेक पडदा जोडला, आणि एक-दोन-तीन म्हणून ज्योत्सना आणि संघपालनं एकदम बटण दाबलं. दुकानातली दोन गिऱ्हाईकंही येऊन उभी राहिली.

सर्व्हरच्या पडद्यावर चौसष्ट चौकोन होते, एकेका कोअरचा एकेक. ते सगळे एका दमात हिरवे झाले. संघपालनं शिट्टी मारली. फोटोंमधल्या खुणा शोधण्याचं काम सर्व्हरनं बघता बघता संपवलं. डेस्कटॉप निम्म्यावरच होता.

"सांगतलो होतो ना मी!" संघपाल म्हणाला.

मग फोटो एकमेकांशी जुळवायचं काम आलं, आणि हिरवे चौकोन विझायला लागले. चाळीस, वीस, सहा. शेवटी एकच चौकोन जळत राहिला आणि बाकीचे त्रेसष्ट रिकामे बसले.

"याले काय झालं?" संघपाल पुढं वाकला.

"काही झालं नाही," ज्योत्सना म्हणाली. हे तिनं वाचलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदाच दिसत होतं. "हे काम वाटता येत नाही. आधीचं झाल्याबिगर पुढचं होत नाही. तिथं एक कोअर किती पळते तेच पाहावं लागते, अन् याचा एकेक कोअर हळू हाय."

डेस्कटॉपनं सर्व्हरला गाठलं आणि मागं टाकलं. मग तळाचा उंचसखलपणा काढायचं जड काम आलं, तेव्हा सर्व्हरनं पुन्हा मुसंडी मारली. गिऱ्हाईकांतला एक जण ओरडायला लागला, जसं काही बैलांच्या शर्यतीचा शंकरपट चालला आहे. शेवटी डेस्कटॉपचं काम संपलं एकतीस मिनिटांत आणि सर्व्हरचं चौतीस मिनिटांत.

"तीन मिनिटं!" संघपाल म्हणाला. "अन् हे फक्त तीनशे फोटो. चोवीसशे टाकले तर जड काम वाढन, तवा हाच जिंकन."

ते खोटं नव्हतं. ज्योत्सनानं कागदावर हिशेब मांडला. चोवीसशे फोटोंचं काम सर्व्हरनं तासभर तरी आधी संपवलं असतं. वर त्याची मेमरी दुप्पट. तिलाही तो हवासा वाटत होता; चौसष्ट हिरवे चौकोन एकदम पेटलेले पाहून तिच्या अंगावर काटा आला होता. ती दहा मिनिटं नुसती दोन्ही मशीनच्या मधून फेऱ्या मारत राहिली. मग तिनं विचारलं, "भाऊ, करंट किती खाते दोघं?"

टिकारामनं मीटर लावला. सर्व्हर डेस्कटॉपच्या दुपटीहून जास्त खात होता.

"संघपाल, आपल्या घरचा इन्व्हर्टर याले वीस मिनिटं देईन. डेस्कटॉपले पाऊन तास तरी देते. करडीत लाइट गेली का अर्धा तास येत नाही. अन् याचा बोर्ड बिघडला तर?"

दोघांनी टिकारामकडे पाहिलं. टिकाराम थोडा घुटमळला, पण माणूस सरळ. "हा बोर्ड मागवाले लागन. महिना धर. डेस्कटॉपचा भंडाऱ्यातही भेटते."

"नकाशावर बसून मी दिवसभर खुणा लावते, रेषा ओढते," ज्योत्सना म्हणाली. "तवा मले एकच कोअर लागते, पन तेज. सोळावाला घेऊ. मेमरीच्या चारही जागा भरून."

संघपालनं सर्व्हरच्या पट्ट्यांवरून एकदा बोट फिरवलं. "मेमरी कमी पडली तर?"

"तर माही चूक."

"मंग चाल," तो म्हणाला, आणि डबा त्यानंच उचलला.

एसटीत त्यानं तो भंडाऱ्यापर्यंत मांडीवर धरून आणला. कंडक्टरनं विचारलं, टीव्ही हाय का? संघपालनं सोळा कोअर म्हणजे काय हे त्याला भंडाऱ्याच्या अलीकडचं शहापूर येईपर्यंत समजावून सांगितलं.

मंगळवार मशीन मांडण्यात गेला, आणि बुधवारी सकाळी सहाला काम सुरू झालं. इतवारी खाटेवर बसून पडद्याकडे पाहत होता. सोळा चौकोन हिरवे, खोलीत कूलर, बाहेर ऊन तापत चाललेलं. फोटो जुळायचं काम, जे लॅपटॉपला जमलंच नव्हतं, ते साडेनऊच्या आत संपलं. संघपाल उठून नाचला. दहाला लाइट गेली, इन्व्हर्टर गुणगुणला, पंचवीस मिनिटांनी लाइट आली आणि मशीनला काही कळलंसुद्धा नाही.

मग जड काम आलं, आणि मेमरीचा पट्टा वर चढू लागला. शंभर. एकशे दहा. एकशे एकवीस. मशीनमध्ये एकूण एकशे अठ्ठावीस जीबी होती.

"ज्योत्सना," संघपाल हळूच म्हणाला.

"दिसते मले."

एकशे पंचवीसला तिनं काम थांबवलं. "तू म्हनला तेच झालं. कमी पडली."

संघपालला बोलायची संधी होती, पण तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "तलावाचे चार तुकडे करू. एकेक करू, मंग जोडू. दोन तास जास्त जाईन, काय होते त्यानं?"

त्यांनी पडद्यावर तलावाचे चार भाग पाडले, कडा एकमेकांवर येतील असे. पहिला तुकडा दुपारी उतरला, दुसरा संध्याकाळच्या आत. उरलेले दोन गुरुवारी सकाळी. दहाला ज्योत्सनानं जोडायचं बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर तलाव उगवला. काठ तांबूस, तळ हिरवा, खोल जागा निळ्या. त्या निळ्यात तिनं बापानं मोजलेले आकडे भरले.

सखाबाईला बोलावणं गेलं. ती चार बायका घेऊनच आली. सखाबाईनं पडद्याकडे बोट पुढं केलं. "हा म्हशीडोह. हा वाघडोह. अन् हा पाह्य, येनाचा डोह, याच्या काठी येनाचं झाड होतं." पाचही तिनं ओळखले, आणि बायका हसायला लागल्या, जशी कोणाच्या लग्नाच्या फोटोत आपली माणसं सापडावीत.

"अन् हा कोनता?" तिनं विचारलं.

मधल्या भागात, कोरड्या तळावर, एक फिकट निळं वर्तुळ होतं. बरोबर तिथंच दोन तुकडे जोडले होते. "ते चुकलं असन, काकी. जोड बसला नसन."

इतवारी खाटेवरून उठला. त्यानं पडद्याला नाक लावून पाहिलं, आणि मग कोपऱ्यातला बांबू उचलला. "चाल."

भर उन्हात सगळे तलावाच्या तळात उतरले. चिखल सुकून भेगाळला होता. संघपालनं मोबाइलवर जागा धरली आणि बोट दाखवलं. डोळ्यांना तर जमीन सपाटच दिसत होती. इतवारीनं चार पावलं बाहेर बांबू रोवून पाहिला. हातभर जाऊन तो खट्ट अडला. मग त्यानं वर्तुळाच्या मधोमध रोवला. बांबू गेला, जातच राहिला. हात, दोन हात, तीन. इतवारीनं अंगाचा जोर दिला आणि बांबू त्याच्या उंचीइतका आत उतरला.

"माहा बाप सांगे," तो धापा टाकत म्हणाला. "म्हने मधात एक डोह होता, मोठा. तो गाळानं बुजला. आमाले वाटे, म्हातारा असाच बोलते."

संघपालनं आरोळी ठोकली. ज्योत्सना मटकन खाली बसली, तापल्या चिखलावरच, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसू लागली. तळ गाळानं भरला तरी तो डोह पूर्ण भरून आला नव्हता. वरची माती वीतभर खचली होती, आणि तेवढं वीतभर त्यांच्या नकाशानं पकडलं होतं.

शुक्रवारी ग्रामसभेत पाच डोह राखायचा ठराव झाला. साहेबांनी नकाशा दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं, "हा सहावा?"

सखाबाई ज्योत्सनाला कोपरानं ढोसत होती, पण उभा राहिला तो इतवारी. तीस वर्षांत ग्रामसभेत तो कधी बोलला नव्हता.

"साहेब, हा राखाचा नाही," तो म्हणाला. "हा खोदाचा हाय. मशीन पयले इथंच लावा. किती खोल जाते ते मी सांगतो, मी उभा राहतो तिथं."

साहेबांनी पेन काढलं आणि नकाशावरच्या त्या वर्तुळाशेजारी सहाचा आकडा घातला.

"याला नाव काय लिहू?" त्यांनी विचारलं.

इतवारीनं लेकीकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले. मागून बायकांचा गलका उठला, प्रत्येकीचं नाव वेगळं, आणि साहेब पेन हातात धरून वाट पाहत राहिले.