डाव्या खांद्यातली घडी

कारखान्यातल्या बायकांच्या निळ्या शर्टांचा गठ्ठा उद्या द्यायचा होता, आणि शिंपिणीची पाठ दुपारपासूनच कुरकुरत होती. पाय चालत होते, सुई चालत होती, डोळे तेवढे पेंगत होते. शेजारी लेक काजं करत बसली होती. कॉलेजात मानसशास्त्र शिकायची पोरगी. घरातल्या कुणाला सोडत नसे.

"मावशीचा परत फोन आला होता," लेक म्हणाली. "परवा डाव्या हाताचं ऑपरेशन आहे. विचारत होती, ताई येईल का."

"नाही म्हणून सांगितलंय ना? मग झालं."

शिंपिणीच्या आईच्या शेवटच्या आजारात धाकटी बहीण फिरकली नव्हती. तेव्हापासून बहिणींचं बोलणं बंद. त्या रागाची धार कधीच गेली होती. पण राग खाली ठेवायचा तर वाकावं लागतं, आणि वाकायचा कंटाळा आला होता.

"माझ्या मनात आता तिच्याबद्दल काही नाही. बरं नाही, वाईट नाही."

"मनाला मजले असतात, आई. आपण बोलतो वरच्या मजल्यावरून. खाली कोण राहतं, आपल्यालाही ठाऊक नसतं."

"राहू दे बापडं. मला जिने उतरायचं त्राण नाही. तू काज बघ, वाकडं जातंय."

लेक हसली. झालेल्या शर्टांच्या घड्या घालता घालता थांबली. "आई, याच्या डाव्या खांद्यात काय घातलंस?"

शिंपिणीने शर्ट ओढून घेतला, आत बोटं घातली. मऊ कापडाची दुहेरी घडी, बारीक टाक्यांनी बसवलेली.

धाकटीचा डावा खांदा जन्मापासून उतरता. शाळेत कुणी चिडवू नये म्हणून तिच्या प्रत्येक कपड्यात ताईने अशी घडी घातली होती. तिच्याच, दुसऱ्या कुणाच्या नाही.

"मी कधी घातली गं ही?"



शिंपिणीने टाके उसवायला पातं उचललं, खांद्यावर टेकवलं, क्षणभर तसंच धरलं. मग ते खाली सरकवलं आणि डाव्या बाहीची शिवण उसवायला घेतली.

"हा गठ्ठ्यात नको. त्यांचा दुसरा शिवीन. धाकटीला प्लास्टर घालतील, बाही चढायची नाही. बंद लावते."

"मग मावशीला सांगू, येतेय म्हणून?"

"दमलेय गं मी," ती म्हणाली. "सांग, आणि ते बंद काप."