पुढलं दार

बाळकुमात ठमाबाईची किंमत दोन तऱ्हांनी व्हायची. एरवी ती विधवा. कुणी शुभकामाला निघालं की तिनं निवडुंगाच्या कुंपणात अंग चोरून उभं राहायचं, तोंड दिसू नये म्हणून. पण लग्न निघालं की तीच धवलारीण, लग्न लावणारी बाई. नवरानवरीच्या शेजारी बसून धवले गायची, हळद चढवायची, नवऱ्याच्या बापालाही ‘ऊठ, पाणी आण’ म्हणायची, आणि तो निमूट आणायचा. वर्षाकाठी असे दिवस थोडे. उरलेलं वर्ष बाई त्यांच्यावर काढायची.

परशुराम पाटलाला हे खुपू लागलं ते मिठागरांचा मक्ता मिळाल्यापासून. ठाण्यात एका वकिलाच्या ओटीवर त्याला बसायला मिळू लागलं होतं. तिथं कुणीतरी विचारलं, तुमच्यात लग्नं बाया लावतात म्हणे? झालं. थोरल्या लेकाच्या, पंढरीच्या लग्नाला पाटलानं ठाण्याहून भट ठरवला. ठमाबाईला निरोप गेला, गाणं नको, जेवायला ये, मागल्या दारानं.

ठमाबाई मडकं घासत राहिली. पेटली ती गोदूबाई, पाटलाची स्वतःची बायको. या दोघींचं एका कोंबडीवरून कित्येक वर्षं बोलणं बंद होतं, त्यामुळे गावाला वाटलं, हिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या असतील. पण गोदूबाई आपला नफातोटा नवऱ्यापेक्षा चांगला ओळखायची. विहिरीवर तिनं बायांना ऐकवलं,

"तिचं तोंड मना नको. पन आज तिला उठवलं, त उद्या आपल्याला उठवतील. बाईला ईचारतात अशी ती येकच जागा हाय."

हळदीच्या दिवशी शीळहून नवरीचं वऱ्हाड उतरलं, तेव्हा गावातल्या झाडून साऱ्या बाया मांडवाकडे पाठ करून बसल्या होत्या. शेजारच्या कोलशेतच्याही येऊन मिळाल्या होत्या. हळद कुटलेली नाही, चूल पेटलेली नाही. नवरीच्या आईनं गाडीतून उतरून काय झालं ते ऐकलं, आणि लेकीला घेऊन तीही पाठ करून बसली. पाटलानं सगळ्यांच्या माहेरांचा उद्धार केला. काहींनी आपापली बायको दंडाला धरून ओढत नेली. हात सुटला की ती परत येऊन बसे. एकानं थोबाडीत ठेवून दिली. त्याची बायको रडली, पण बसूनच रडली.

मग पाटील म्हणाला, हळदीला काय अक्कल लागते? भटाला इथली रीत ठाऊक नव्हती, आणि पुरुषांनी ती जन्मभर नुसती जेवणाची वाट पाहत पाहिलेली. त्यांनी जाडीभरडी हळद कुटली, पंढरीच्या डोक्यावर थापली आणि चोळत चोळत पायांपर्यंत आणली.

नवरीचा बाप धाकू ताडकन उठला. हळद चढते ती पायांपासून वर. डोक्यावरून खाली आणतात ती उतरवताना, लग्न उरकल्यावर. चढायच्या आधीच जावयाची हळद उतरवलीत, म्हणाला, आणि गाड्या जुंपायला सांगितल्या. शास्त्राला याचं काही नाही, असं भट समजावू लागला; पण धाकूला सोयरीक शास्त्राशी करायची नव्हती. हे निस्तरायचं तर धवलारणीनंच, यावर तो अडून बसला.

पाटील बाहेर आला. ठमाबाई बायांच्या कडेला बसली होती.

"ठमे, चल. मागलं दार उघडं हाय."

ठमाबाई जागची हलली नाही. "मागलं दार मना रोजचंच हाय. आज पुढल्यानं येन."

पाटलानं गोदूबाईकडे पाहिलं. तिची पाठच दिसली. धाकूचे बैल जुंपून झाले होते. पाटील दारातून बाजूला झाला.

ठमाबाईनं आत जाऊन आधी पंढरीला धुऊन काढलं. मग मुसळ पाटलाच्या हातात दिलं. "बारीक कूट. पोराला लावाची हाय, भिंतीला नाय."

पाटलानं कुटली. बाया उठल्या, चुली पेटल्या, आणि धवला नेहमीपेक्षा बराच लांबला.

लग्नानंतर नवी सून माहेरी गेली होती, तिला आणायला गोदूबाई शीळच्या वाटेला लागली. समोरून ठमाबाई मोळी घेऊन आली.

"कुंपनात हो," गोदूबाई म्हणाली. "मी शुभकामाला निंगालंय."

"मी पन घराला निंगालंय," ठमाबाई म्हणाली, आणि वाटेच्या मधूनच चालत राहिली.

गोदूबाईनं तिला एक कचकचीत शिवी हासडली, आणि मोळीचे काटे नव्या लुगड्याला लागू नयेत म्हणून निवडुंगाला टेकून, अंग चोरून तिला वाट दिली.