सारवायची राहिलेली कणगी

मित्रांनो, मी भात साठवायची एक जुनी बांबूची कणगी आहे, आणि एका माणसाची मिशी माझ्यामुळे गेली. माझं रडगाणं नंतर. आधी पैज ऐका.

आमचा पाडा तानसा तलावाच्या अलीकडं. महिपत माझा मालक, लडकू त्याचा शेजारी. या दोघांना पैज लावल्याशिवाय चहा पचत नाय. कोंबडा आधी कोणाचा आरवणार, गाभण शेळीला बोकड होणार की पाठ, कशावर पण लावतात.

त्या दिवशी बातमी आली की मुंबईच्या कुठल्याशा संस्थेची ताई येणार. लहान पोरांत कोणाला चालायला, बोलायला, समजायला उशीर लागतो याचा अभ्यास शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत चाललेला. जिथं अशी पोरं सापडतील तिथं दर आठवड्याला शिकवणारी बाई पाठवणार होते.

"आपल्या पाड्यात नाय बा तसलं कोन," महिपत मिशीला पीळ देत बोलला.

लडकूनं कान खाजवला. "एखादं निघंल पन."

"लाव पैज! निघालं तर ही मिशी भर पाड्यात काढीन."

"आनि नाय निघालं तर मी तुझ्या म्हशीला आत्याबाई म्हनून रोज पाया पडीन. बोल!"

टाळी पडली. लगेच लडकूनं हळूच पाचर मारली, "फक्त उद्या कोन म्हनायला नको का महिपतनं लपवाछपवी केली. ताईला तुझ्याच ओटीवर बसव."

"बसवतो! भितो काय?"

झालं. मासा गळाला लागला. मी माजघरातल्या कोपऱ्यात हसले, पण बांबूचं हसणं कोणाला ऐकू जातं?

आता माझं सांगते. उंबरमाळीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला विणलं. बांबू चिरून पातळ कांब्या काढल्या आणि गोल गोल फिरत, गाणं पुटपुटत, माणसाच्या छातीएवढी उंच केली. वरून शेणामातीचा जाड थर. मुंगीला सुद्धा वाट मिळत नसे. भात झोडून झालं की मला गळ्यापर्यंत भरायचे आणि हळदकुंकू लावायचे. मुलगी द्यायला आलेले पाहुणे आधी मला थोपटून बघायचे. भरलेली कणगी धप् वाजते, रिकामी ढम्. एका वर्षी पीक बेतास बात होतं. महिपतच्या बापानं माझ्या पोटात पेंढा दाबून भरला आणि वर सूपभर भात पसरलं. पाहुण्यांनी थोपटलं, धप् वाजलं, आणि संजीवनी सून होऊन घरात आली! लपवायची विद्या मी तेव्हाच शिकले, मित्रांनो. लई मजा वाटली होती.

मग प्लॅस्टिकची निळी पिंपं आली. भात त्यांच्यात गेलं. मला कोणी सारवेना. थर पोपडे होऊन गळला, कांब्यांमधून उजेड दिसायला लागला. मी मनातल्या मनात कुरकुरायचे, अरे, एक शेणाचा हात तरी फिरवा!

आणि मग माझ्यात गोजर आली.

गोजर महिपत-संजीवनीची लेक. सहा वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. हाक मारली तर बघायची नाय, तोंडाकडं तर कधीच नाय. बापानं तिला हौसेनं म्हसेच्या जत्रेत नेलं. तिथले भोंगे, पिपाण्या, गर्दी! ती कान दाबून खाली बसली आणि ओरडत सुटली. माणसं गोल करून बघत राहिली, जणू जादूगार आलाय. कोणीतरी बोललं, "आईबापाचं पाप, दुसरं काय!" महिपत पोरीला खांद्यावर टाकून निघाला, तो थेट घरी आला. तेव्हापासून अनोळखी माणूस दिसला की गोजर माझ्या पोटात. तळाला गोधडी, वर सूप झाकलेलं.

पहिल्यांदा ती रडली. नंतर माझ्या फटींत बोट घालून घालून सगळं विणकाम तिनं पाठ केलं. एक डोळा फटीला लावून ओटी बघत बसायची. सगळ्या पाड्याला ठाऊक होतं, पण तोंडावर कोण बोलणार? लडकूनं एकदा विषय काढला, तर महिपतनं पावसाळाभर त्याच्याशी अबोला धरला. दर आठवड्याला पोरीला शिकायला बसवायचं तर बापच राजी हवा. म्हणून तर ती पैज, आणि ताई त्याच्याच ओटीवर. कळलं ना आता?

नम्रताताई आटगाव स्टेशनवरून रिक्षानं आली. ओटीवर सतरंजी, पाड्यातली पोरं, आया, सगळी जत्रा. ताईच्या पिशवीत लाल लोकरीचा गोळा, लाकडी ठोकळे, आणि एक छोटी पितळी घंटी. पोराच्या पाठीमागं घंटी वाजवायची आणि ते वळतं का बघायचं. लडकूची नात शीतल लगेच वळली. लडकूचं तोंड पडलं, महिपतची मिशी वर गेली.

ताईनं पुन्हा घंटी वाजवली. किणकिण.

माझ्या पोटातून आवाज आला. ढम्.

सगळ्या माना आत वळल्या.

"आत काय आहे हो?" ताईनं विचारलं.

"उंदीर," महिपत बोलला. "लई माजलेत."

किणकिण. ढम्. ताई थांबली, आवाज थांबला. ताईनं हळूच एकदा वाजवली, आतून हळूच एकदा उत्तर आलं.

"काका, घंटी थांबली की थांबणारा उंदीर मी पहिल्यांदा ऐकला."

मित्रांनो, अंगावर थर असता तर गोजरला घंटी दिसलीच नसती, आणि तिची ढम् माझ्यातच जिरली असती. माझ्या फटींनी काम केलं. लडकू मात्र आढ्याकडं बघत पान चघळत होता, जसा काय तो तिथला नाहीच.

महिपतनं बायकोकडं बघितलं. संजीवनी दाराशी उभी होती. "माज्याकडं काय बघताव? तुमी ठेवली, तुमीच काढा. मी नाय हात लावनार."

तो आत आला. सूप उचललं. मला वाटलं, पोरीला दटावणार. पण तो वाकून बघतच राहिला. गोजर फटीला डोळा लावून, मूठ वर धरून, पुढच्या घंटीची वाट बघत होती. तिला कोणाची तरी वाट बघताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"ये गो, बाय," तो बोलला. त्यानं तिला उचललं आणि सगळ्यांच्या देखत ओटीवर नेलं.

"ही पन हाय," ताईला बोलला. "माजी लेक. बरी होईल काय?"

"खोटं नाही सांगणार, काका. दुसऱ्यांसारखी होईल की नाही, मला माहीत नाही. पण ती शिकेल. आता खेळलीच ना आपल्याशी?"

महिपतनं मान डोलावली. "मग बुधवारी का गुरवारी, सांगा. मी तिला ओटीवर आनतो."

संध्याकाळी लडकू वाटी-वस्तरा घेऊन ओटीवर हजर, पण चेहरा ओशाळा. "ऱ्हाऊ दे रे महिपत. मस्करी होती. ठेव मिशी."

"पैज म्हंजे पैज. आनि तू काय कमी लबाड नायस, मला कळलं. मार पानी."

सगळा पाडा जमला. गोजर ताईनं दिलेली घंटी घेऊन बापाच्या मांडीवर. पुन्हा माणसांचा गोल झाला होता, जत्रेतल्यासारखा, पण या वेळी सगळे महिपतला बघत होते. वस्तरा फिरला. मिशी गेली, आणि खाली सोललेल्या बटाट्यासारखं तोंड निघालं. पोरं लोळून हसली. संजीवनीनं पदर तोंडात कोंबला.

गोजरनं मान वर केली. कोणाच्या तोंडाकडं न बघणारी ती पोर बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. मग माझ्या फटींत घालायची तेच बोट तिनं त्याच्या गुळगुळीत ओठावर हळूहळू फिरवलं. महिपत हलला नाय. श्वास पण घेतला नसेल त्यानं.

लडकूनं वस्तरा पुसला, आणि डोळे पण.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी जुनी कणगी असेल तर तिला जपा. भात भरा, नाचणी भरा, जमलं तर शेणाचा एक हात पण फिरवा. पोर मात्र ओटीवर, चारचौघांत ठेवा. नाय ठेवलंत, तर तुमच्या शेजारी पण एखादा लडकू असेलच, आणि मिशी परत यायला लई दिवस लागतात.