बदली माणूस

अश्लेषाने तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली तेव्हा साहेब खळखळ करतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी अर्ज वाचला, परदेशात शिकवायला चाललीय म्हणून कौतुक केलं आणि सही करून टाकली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या एका दूध कंपनीचा संगणक विभाग ती नऊ वर्षं सांभाळत होती. हल्ली सकाळी कामाच्या नुसत्या आठवणीने अंथरुणातून उठवत नसे. सुट्टीच्या दिवशी फोन वाजला तर ती तो उशीखाली दडपायची. काही दिवस काम थांबवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण थांबून घरात बसायचं तिच्या जिवावर आलं होतं. अशात दिग्विजयचा मेसेज आला.

दिग्विजय पूर्वी तिच्याच विभागात होता. नरसिंहपूरचा, शेतकऱ्याच्या घरातला, कामाला वाघ आणि बोलायला लाजाळू. तिला तो ताई म्हणायचा. आदल्या वर्षी तो दोन महिन्यांसाठी कंबोडियात गेला होता, एका खेड्यातल्या शाळेत मुलांना इंग्रजी आणि संगणक शिकवायला. दोन महिन्यांचं वर्ष झालं तरी तो परतला नाही. त्याला तिकडंच कुणी भेटली असणार, असं ऑफिसात चेष्टेने म्हणत. आता त्याने लिहिलं होतं की इथे मन फार रमतं, मुलं गोड आहेत, राहण्याजेवणाची सोय संस्था करते, आणि संगणकाचं काम येणाऱ्या माणसाची त्यांना फार गरज आहे. सोबत फोटो होते. काही फोटोंत मुलं होती, काहींत दिग्विजय होता. मुलं आणि तो एकाच फोटोत कुठेच नव्हते, पण हे अश्लेषाच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

संस्थेची एक बाई तिच्याशी फोनवर बोलू लागली. आवाज मधाळ, इंग्रजी स्वच्छ. कॅमेरा मात्र तिने कधी चालू केला नाही. दर वेळी नेट कमी आहे म्हणायची. टायपिंग किती वेगाने येतं, भाषा किती येतात, हे तिने विचारलं. मग घरी कोण कोण असतं, भाऊ आहेत का, नात्यात कुणी पोलिसात आहे का, हेही विचारलं. परतीचं तिकीट आत्ता काढू नका, ते आम्ही इथून काढून देतो, असंही सांगितलं.

घरी अश्लेषा आणि तिचे वडील नीळकंठराव, दोघंच. ते कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी ते गाव संगणकाच्या नकाशावर शोधून काढलं. गावाच्या जागी दूरवर हिरवं रान होतं आणि सरहद्दीला लागून मोठमोठ्या चौकोनी छपरांची रांग. भोवती उंच भिंत दिसत होती.

"एवढी मोठी शाळा?" ते म्हणाले. "आणि तुला भाऊ आहे की नाही, हे शाळेला कशाला हवं?"

अश्लेषा वैतागली. आपण कुठे निघालो की बाबांना आधी खड्डेच दिसतात, असं तिला वाटलं. पण त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. दिग्विजयशी एकदा समोरासमोर बोलावं, असं मनात येत राहिलं. तिने लावलेला फोन तो कधी उचलत नसे, नुसते मेसेज करी. मात्र दर रविवारी दुपारी तो आईला फोन करतो, हे तिला ठाऊक होतं. नरसिंहपूरचा नृसिंह हे अश्लेषाचं कुलदैवत. दसऱ्यानंतर ती वडिलांबरोबर दर्शनाला गेली होती, तेव्हा वाट वाकडी करून दिग्विजयच्या आईकडे चहा घेऊन आली होती. तेव्हा तिने त्या माऊलीजवळ बोलून दाखवलंही होतं की नोकरीचा वीट आलाय, कुठेतरी लांब निघून जावंसं वाटतं. तर आता रविवारी जावं, लेकासाठी त्यांना काय द्यायचंय ते घेऊन यावं आणि त्याच्याशी बोलावंही, असा विचार करून ती गाडी घेऊन एकटीच निघाली.

इंदापूर मागे पडलं. उसाच्या ट्रॉल्यांमागून रेंगाळत ती पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. दिग्विजयच्या आईचं, बनाबाईंचं घर गावाबाहेर, नीरेच्या अंगाला. नवरा संभाजीराव जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत वाट्याने लावलेलं. बनाबाई एकट्याच राहायच्या. त्यांनी अश्लेषाला पाहिलं आणि दारातच तिचे दोन्ही हात धरले. हात सोडेनातच.

"कवा निघायचं?" त्यांनी विचारलं.

"याच महिन्यात, मावशी. तुम्हाला दिग्विजयला काय पाठवायचं ते द्या. चटणी, लोणचं, काहीही. मी नेते."

"काय नगं," बनाबाई म्हणाल्या. "त्येला काय नगं."

त्यांनी तिला बसवलं, पिठलं-भाकरी वाढली. जेवताना अश्लेषाचं लक्ष आतल्या खोलीकडे गेलं. खोलीला नवा रंग दिलेला होता. पलंगावर नवी कोरी गादी होती, तिचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. खुंटीला इस्त्रीचे दोन शर्ट टांगलेले होते. वर्षभर लेक डोळ्यांआड असलेली बाई त्याच्यासाठी मूठभर शेंगदाण्याची चटणी देत नाही, आणि इकडे खोली मात्र सजवलेली. अश्लेषाचा घास तोंडातच राहिला.

"दिग्विजय येणार आहे का?" तिने विचारलं.

बनाबाई भाकरी थापत होत्या. त्यांचे हात थांबले.

"व्हय," त्या म्हणाल्या.

"कधी? मला तर तो काहीच बोलला नाही."

तव्यावरची भाकरी करपू लागली, तिचा वास घरभर झाला. मग चुलीकडेच बघत त्या म्हणाल्या, "तू तितं पोचलीस की त्येला सोडत्याल."

अश्लेषाला आधी काही अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने ताट बाजूला सारलं आणि बनाबाईंना आपल्याकडे तोंड करायला लावलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

शाळा नव्हतीच. विमानतळावरून गाडीने त्याला थेट त्या भिंतीच्या आत नेलं होतं. पासपोर्ट काढून घेतला. तिथे शेकडो पोरं रांगेने संगणकापुढे बसवलेली होती. फोनवरून, मेसेजवरून जगभरच्या माणसांशी गोड बोलायचं आणि त्यांना लुबाडायचं, हे काम. ठरलेली शिकार झाली नाही की मार, अंधाऱ्या खोलीत कोंडणं. सुरुवातीच्या फोनांत त्याने हे रडत रडत सांगितलं होतं. पुढे मात्र त्याला शेजारी माणूस बसवूनच बोलायला देऊ लागले. त्या माणसाला हिंदी कळतं, पण गावची बोली कळत नाही, म्हणून दिग्विजयला आईशीही शाळेतल्या पुस्तकासारखंच बोलायला लावत. सुटायचं असेल तर आपल्या जागी संगणक येणारा दुसरा माणूस आणून दे, असं त्याला सांगितलं होतं. बदली माणूस आला की मोकळा.

"लई दिस न्हाय म्हणला त्यो," बनाबाई म्हणाल्या. "मार खाल्ला, पन कुनाचं नाव दिलं न्हाय. तुझं नाव मी सांगितलं, पोरी. तू म्हणाली हुतीस ना, लांब जावं वाटतंय म्हून. मीच त्येच्या मागं लागले. माझी आन घातली."

अश्लेषा उठून दारात गेली. चौकट धरून ती उभी राहिली. समोर नदीचं पात्र उन्हात चकाकत होतं. ह्या बाईने मघाशी आपले हात का सोडले नाहीत, ते तिला आता कळलं. तिला संताप आला, ओरडावंसं वाटलं. पण मागे वळून पाहिलं तर बनाबाई जळकी भाकरी हातात घेऊन तशाच बसल्या होत्या.

तेवढ्यात फोन वाजला.

बनाबाई धडपडत उठल्या. अश्लेषाचा पदर धरावा तशी त्यांनी तिची ओढणी धरली. तुला कळलंय असं त्याला कळू देऊ नकोस, त्याच्या शेजारच्या माणसाला तर नाहीच नाही, ते पोराचा जीव घेतील, असं त्या कुजबुजत्या आवाजात विनवू लागल्या. अश्लेषाने मान हलवली. फोनचा स्पीकर लावला.

"नमस्कार आई. मी मजेत आहे. तुझी प्रकृती कशी आहे?" आवाज दिग्विजयचाच होता, पण कुणाचं तरी पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा.

बनाबाईंनी कसंबसं सांगितलं की अश्लेषा आलीय, बोल तिच्याशी. पलीकडून पंख्याची घरघर आणि खूप माणसं एकाच वेळी टाइप करत असल्याचा आवाज येत होता. पावसाळी रातकिड्यांसारखा, न थांबणारा.

"दिग्विजय, मी अश्लेषा," ती म्हणाली. "माझं तिकीट होईल आता. व्हिसाचं थोडं अडलंय."

"अरे वा, उत्तम," तो म्हणाला. "आम्ही सर्व जण तुमची प्रतीक्षा करत आहोत. इथले वातावरण फार सुंदर आहे." मग तो मोठ्याने हसला आणि हसण्याच्या भरात, थट्टा केल्यासारखं, भराभर गावच्या बोलीत बोलून गेला, "ताई, हिकडं पाय टाकू नगा. आईचं आयकू नगा." आणि पुन्हा त्याच पुस्तकी आवाजात, "बरं, काळजी घ्या. ठेवतो."

फोन बंद झाला. बनाबाई मटकन खाली बसल्या. त्या रडल्या नाहीत. "त्येनं सांगितलं," एवढंच म्हणाल्या. नंतर त्यांनी अश्लेषाकडे पाहिलं नाही, आणि ती निघाली तेव्हा निरोपाला बाहेरही आल्या नाहीत.

बारामतीला येईपर्यंत अश्लेषाला दोनदा गाडी कडेला घ्यावी लागली. वडिलांना सांगताना तिचे दात वाजत होते. नीळकंठरावांनी मी म्हणालो होतो, असं एका शब्दानेही दाखवलं नाही. त्यांनी तिला घोंगडी पांघरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथे तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. दिग्विजयचा तपशील पुण्याला गेला, पुण्याहून दिल्लीला, तिथून आपल्या वकिलातीकडे. अशी कितीतरी पोरं तिकडे अडकली आहेत, असं अधिकारी म्हणाले. भिंतीच्या आत जायला त्या देशाच्या पोलिसांचीच मदत लागते, वेळ लागेल. तोवर संशय येऊ देऊ नका.

म्हणून अश्लेषा त्या मधाळ बाईशी बोलत राहिली. कधी व्हिसा अडलाय म्हणायची, कधी वडील आजारी आहेत. बाई आधी हसून चालवून घ्यायची. पुढे तिचं हसणं कमी झालं. एकदा तिने विचारलं, "वडील रोज सकाळी फिरायला जातात ना? मग आजारी कसे?" अश्लेषाने फोन ठेवून दिला. नीळकंठराव सकाळी कालव्याच्या कडेने फिरायला जातात, हे तिने त्या बाईला कधीच सांगितलं नव्हतं. फिरतानाचे स्वतःचे फोटो ते रोज टाकायचे, त्यातून कळलं असेल, अशी तिने मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून त्यांचं फिरणं बंद झालं.

त्यानंतर बाईचा फोन आला नाही. दिग्विजयचे रविवारचे फोनही थांबले. वकिलातीकडून कळलं की त्या देशाच्या पोलिसांनी छापा घातला तेव्हा इमारती रिकाम्या होत्या. माणसं, संगणक, सगळं आधीच दुसरीकडे हलवलेलं. अश्लेषाने हे बनाबाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बरं, एवढंच म्हणाल्या.

पोलिसांनी बजावल्याप्रमाणे ऑफिसात व्हिसाचं जमलं नाही एवढंच सांगून अश्लेषाने रजा रद्द करून घेतली. सकाळी उठवत नसे ते नसेच, पण आता त्याचं कारण काम नव्हतं. दिग्विजयने ती दोन वाक्यं बोलून काय किंमत मोजली असेल, हा विचार तिला संगणकाच्या पडद्यावर, रस्त्यावर, ताटावर, कुठेही गाठायचा.

उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी नागेश तिच्या टेबलाशी आला. पणदऱ्याचा हा मुलगा दिग्विजयच्या रिकाम्या जागेवर लागला होता, नुकतंच लग्न झालेलं. तो संकोचत म्हणाला, "मॅडम, तुम्ही कंबोडियाला शिकवायला जाणार होता ना? आता त्याच संस्थेने लाओसमधून मला विचारलंय. दोनच महिने आहेत. जावं का?"

त्याने फोन पुढे केला. शाळेच्या पाटीखाली दिग्विजय उभा होता. गालफडं बसलेली, केस कापून टाकलेले, उजवा हात पाठीमागे. तो हसत होता.

अश्लेषाने नागेशला खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मग तिने तो फोटो पुण्याच्या अधिकाऱ्याला पाठवला आणि बनाबाईंना फोन लावला.

"मावशी, दिग्विजय जिवंत आहे. त्याचा आत्ताचा फोटो मिळालाय."

पलीकडून हुंदका ऐकू आला. पोरगं जेवतं का, बारीक झालंय का, त्या विचारत राहिल्या. अश्लेषाने सांगता येईल तेवढं सांगितलं.

"कुनाला आला फोटू?" त्यांनी विचारलं.

"आमच्या ऑफिसातल्या एका मुलाला. त्याला बोलावताहेत."

अगदी हळू आवाजात बनाबाईंनी विचारलं, "मग जातोय का त्यो?"